उतार

मार्चपासून वास येतोय, मिस् पॉन्सफर्ड फोनवर म्हणाल्या,
तुंबत काही नाही, नुसता वास.
म्हणून मी आणि कीरन
सॉमरसेटमधल्या त्या खोलगट गावी
कॅमेरा आणि साठ मीटर केबल घेऊन गेलो.

घर मोठं. खिडक्या कमानदार,
पडदे काढायला शिडी लागते म्हणून बावीस वर्षं न धुतलेले.
बाई काठी टेकत पुढे, आम्ही मागे.
ही भिंत चर्चची. इथे ते जेवायचे, मुक्यानं.
ही पायरी म्हणजे कुण्या मठाधिपतीची शिळा, पालथी घातलेली,
नाव खालच्या अंगाला आहे, मातीला वाचता यावं असं.
तबेल्यावरचे वासे गायनमंडपाचे.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात आमच्यात.
इथे ते खरोखर फिरले,
बैलगाडीत बसून पटांगण ओलांडून
घोड्यांच्या डोक्यावर जाऊन बसले.

राजाचा हुकूम आला तेव्हा अकरा जण उरले होते.
छपराचं शिसं त्यांच्याच बाकांच्या जाळावर वितळवलं.
घंटा फोडल्या, तोलल्या.
बिजागऱ्या, काचा, तळ्यातले मासे,
मधमाश्यांची सात पोळी:
सगळं यादीत आहे, बाई म्हणाल्या,
आणि पोळ्यांपाशी त्यांचा आवाज जरा अडला.
मग एक लोकरीचा व्यापारी आला. त्यानं दगडावर दगड ठेवला
आणि चुली होत्या तिथेच राहू दिल्या.

मी मान डोलवत होतो, लक्ष फरशीकडे.
बत्तीस वर्षं मी घरं खालून ओळखतो.
(आई शेजारी सांगायची, मुलगा इंजिनियर आहे तिकडे.
कशाचा, ते ती सांगत नसे.)

कीरननं झाकण उचललं.
पहिले नऊ मीटर तपकिरी चिनी मातीचा पाइप,
सांधा उकललेला, त्यात चेस्टनटच्या मुळ्यांची दाढी.
हा तुमचा वास, मी म्हणणार होतो,
तेवढ्यात पाइप संपला
आणि कॅमेरा एका खोलीत पडला.

खोलीच म्हणायची. माणूस ताठ उभा राहील.
घडीव दगड, सांध्यात सुरीचं पातं जाणार नाही,
तळ मधोमध खोलगट
आणि त्यातून घोटाभर पाणी,
निवळशंख, कसलीच घाई नसलेलं.
कीरन म्हणाला, हे काय आहे?
शौचकूप, मी म्हणालो. वर एका रांगेत तीस बैठका असणार.
तो एवढा हसला की केबल हलली
आणि उजेड बाजूच्या दगडावर गेला.

तिथे खूण होती. एक बाण, त्यावर आडवी रेघ.
शेजारच्या दगडावर तीच. त्याच्या शेजारी तीच.
पाथरवटाची. शनिवारी मोजून पैसे मिळावेत म्हणून कोरलेली,
देवासाठी वगैरे नाही.
असा सांधा, आणि कुठे,
तर जिथे पाण्याशिवाय कुणी येणार नाही.

मी कॅमेरा बराच वेळ हलवला नाही.
यादी करणाऱ्यांनी पोळी मोजली, हे मोजलं नाही.
नेणार काय? दगड निघाले असते.
उतार कसा काढणार,
कुठल्या बाजारात न्यायचा?

किती खर्च, बाईंनी विचारलं.
नऊ मीटर बदलावे लागतील.
आणि पुढचं?
पुढचं राहू दे, म्हणालो. पुढचं चालू आहे.
अहवालात त्याला रकाना नव्हता,
मी "इतर"मध्ये लिहिलं.

निघताना स्वयंपाकघरात हात धुतले.
साबणाचं पाणी गोल फिरून खाली गेलं,
आणि मी नळ बंद करून
ते कुठवर ऐकू येतं ते ऐकत राहिलो,
बाहेर कीरन व्हॅनचा हॉर्न वाजवत होता.